पांढरी गाडी, दाढीवाला चालक

वहाब शेखच्या गाडीत पुढच्या सीटसाठी रोज भांडण व्हायचं. ते मिटवायची त्यानं एक रीत घालून दिली होती. ज्याचा पेपर असेल तो पुढं बसेल, आणि कोणाचाच पेपर नसेल तर जो तापातून उठला असेल तो. त्यामुळं गाडी दिसली रे दिसली की कोसमटोल्याची पोरं खोकायला लागायची. वहाब एकेकाच्या कपाळाला हात लावून बघायचा, डॉक्टरासारखा चेहरा करायचा आणि ज्यानं सगळ्यात जोरात खोकला काढला असेल त्यालाच हटकून मागं बसवायचा.

मूल या तालुक्याच्या गावातल्या एका इंग्रजी शाळेत आसपासच्या खेड्यांतली पोरं न्यायची आणि परत आणून सोडायची, हे त्याचं काम. त्याआधी तो मूल-सिंदेवाही रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याच्याही आधी, अगदी लहानपणी, तो बापाच्या सायकलच्या कॅरियरवर बसून हीच खेडी फिरला होता. बाप कल्हईवाला होता. गावात शिरलं की एखाद्या झाडाखाली खड्डा करून भट्टी पेटायची, बाया पितळेची गंजं-भांडी घेऊन जमायच्या आणि वहाब भाता हलवत बसायचा. स्टीलची भांडी आली तसा तो धंदा बसला आणि म्हातारा घरी बसला. वहाबला मात्र त्या गावांची सवय लागून गेली होती. शहरात त्याचा जीव रमत नसे. कोणाच्या घरी म्हैस व्याली, कोणाचं धान रोवून झालं, कोणाची पोरगी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेली, हे त्याला ठाऊक असायचं आणि ठाऊक असावंसं वाटायचं.

गाडी निळी होती. वळणावर निळं काही दिसलं की आया पोरांच्या पाठीवर दप्तर चढवायच्या. चाळिशी उलटल्यावर वहाबनं दाढी ठेवली, तेव्हा पोरांनी आठवडाभर त्याची टिंगल केली आणि नंतर विसरून गेली. पोरं त्याला चाचा म्हणत, आया वहाबभाई म्हणत. कोणी कधी त्याला त्याच्या गाडीचा परवाना विचारला नाही, की कधी ओळखपत्र मागितलं नाही.

त्या वर्षी पोळा होऊन गेला होता, धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला लागलं होतं, आणि मुलं चोरणाऱ्यांची बातमी फिरू लागली. ती कुठून आली ते कोणालाच सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे तिकडं तेलंगणाच्या बाजूला पोरं नेली, कोणी म्हणे चिमूरकडं साधूच्या वेशातली माणसं पकडली. चहाच्या टपरीवर जो तो दुसऱ्याच्या फोनमधला व्हिडिओ बघायचा. वहाबलाही ते अर्धं खरं वाटत होतं. त्यानं पोरांना बजावून ठेवलं होतं की माझ्याशिवाय कोणी न्यायला आलं तर जायचं नाही, चॉकलेट दिलं तरी नाही.

एक दिवस भरदुपारी, पोरं शाळेत असताना, निळ्या गाडीचा क्लच गेला. मिस्त्री म्हणाला, आज काही होत नाही, सामान चंद्रपूरहून येईल. शाळा सुटायला फार वेळ नव्हता. वहाब त्याचा जुना दोस्त सलमान याच्याकडं गेला. सलमानची गाडी वऱ्हाड वाहायची. पांढरी होती, आणि मागच्या काचेवर कुठल्याशा लग्नातलं ‘शुभविवाह’ अजून चिकटलेलं होतं. ती घेऊन वहाब आधी शाळेत गेला, कारण पोरं वेगळ्या गाडीत दिसली तर आया घाबरतील, एवढं त्याला कळत होतं.

मुख्याध्यापक गुणवंत सर त्यांच्या खोलीत फोन बघत बसले होते.

“सर, गाडी बिघडली. सलमानची पांढरी गाडी आणली हाये,” वहाब दारातूनच म्हणाला. “पालकाईच्या ग्रुपवर टाकून देजा.”

“हो हो, टाकून देतो,” सर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

वहाब स्वतः त्या ग्रुपवर नव्हता. चालकांसाठी शाळेनं दुसरा ग्रुप केला होता आणि त्यावर फक्त सुट्ट्या कळायच्या. त्यामुळं सरांनी टाकलं की नाही, हे बघायला त्याच्याकडं काही साधन नव्हतं. सरांनी हो म्हटलं, म्हणजे झालं, असं समजून तो पोरं गाडीत बसवायला गेला.

सर त्या वेळी फोनमध्ये काय बघत होते ते त्याला पुष्कळ उशिरा कळलं. कोण्या पालकानं त्यांना मुलं चोरणाऱ्या टोळीचा मेसेज पाठवला होता. सर तसे वाईट माणूस नव्हते. शाळेत एखादं पोर पडलं तर स्वतःच्या स्कूटरवर दवाखान्यात नेणारे होते. पण त्यांच्या मनात भीती बसली होती, की उद्या काही झालं आणि शाळेनं आधी सांगितलं का नाही असं कोणी विचारलं, तर उत्तर काय द्यायचं. त्यांनी चंचल मॅडमना बोलावलं आणि तो मेसेज नीट लिहून द्यायला सांगितला. मॅडम नव्या होत्या. त्यांनी चुका काढल्या, वाक्यं सरळ केली, वर ‘महत्त्वाची सूचना’ लिहिलं आणि खाली शाळेचं नाव घातलं. मेसेज असा होता:

‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, आपल्या परिसरात लहान मुले पळवून नेणारी टोळी सक्रिय असल्याचे समजते. टोळी पांढऱ्या रंगाच्या गाडीतून फिरत असून गाडीचा चालक दाढीवाला आहे. तरी सर्वांनी सतर्क राहावे. मुख्याध्यापक.’

पोलीस ठाणं शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथं कोणी एक फोन करून विचारलं नाही. आणि वहाबची गाडी बदलल्याचा मेसेज टाकायचा राहूनच गेला.

गाडीत कोसमटोल्याची सहा पोरं होती. पुढच्या सीटवर पाचवीतली करिष्मा बसली होती, कारण दुसऱ्या दिवशी तिची गणिताची चाचणी होती. मूलच्या बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर रस्ता बंद होता. राइस मिलमधून निघालेला तांदळाचा ट्रक वळणावर आडवा झाला होता, पोती रस्ताभर पसरली होती. क्रेन यायला उशीर होणार होता. वहाबनं गाडी वळवली आणि उमरटोल्याच्या रस्त्यानं घातली. जरा लांबचा, पण माहितीचा रस्ता. करिष्माला आनंद झाला. उमरटोला तिच्या मामाचं गाव.

उमरटोल्यात ग्रामपंचायतीसमोर बरीच माणसं उभी होती. गाडी बघून दोघंतिघं रस्त्यात आली. वहाबनं काच खाली केली.

“कोसमटोल्याले चाललो जी,” तो म्हणाला. “तिकडं ट्रक उलटला, म्हणून इकडून आलो.”

एकानं विचारलं, पोट्टे कोणाचे? वहाबनं सांगितलं, शाळेचे. मग त्या माणसानं गाडीला एक चक्कर मारली आणि तो परत खिडकीशी आला.

“शाळेची गाडी हाये तं शाळेचं नाव कुठी हाये? इथी तं शुभविवाह लिवलं हाये.”

वहाब हसला. पुढं बरेच दिवस त्याला वाटत राहिलं की आपण तिथं हसायला नको होतं. तोवर कोणीतरी चावी काढून घेतली होती. पोरं रडायला लागली. वहाबनं आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, कल्हईवाला रहेमान या गावात याच झाडाखाली बसायचा असंही सांगितलं. समोर उभी असलेली बहुतेक पोरं विशीतली होती. कल्हई काय असते तेच त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि नाव ऐकून त्यांचे चेहरे निवळले नाहीत.

एवढ्यात गर्दीतली एक बाई पुढं आली आणि म्हणाली की ही तर आशाची पोरगी. खरं म्हणजे इथं सगळं सुटायला हवं होतं. करिष्माची आई आशाबाई याच गावची. तिचा धाकटा भाऊ निकेश तिथंच उभा होता. पण ओळख पटली आणि उलटंच झालं. आतापर्यंत ती कोणाची तरी पोरं होती, आता त्यांत गावच्या लेकीची पोरगी निघाली. निकेशला त्याचे भाऊजी, म्हणजे करिष्माचे वडील हेमराज यांनी थोड्याच वेळापूर्वी तो मेसेज पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं की शाळेनंच पाठवला आहे, म्हणजे खरा आहे. निकेशनं गाडीचं दार उघडलं आणि वहाबला कॉलर धरून खाली ओढलं.

“मामा, नोको मारू,” करिष्मा म्हणत होती. “हे चाचा हायेत. आमचे चाचा हायेत.”

पोरीला शिकवून ठेवलं असेल, असं कोणीतरी म्हणालं. पहिली थप्पड डाव्या कानावर बसली. त्यानंतर किती जणांनी मारलं, ते वहाबला नीट आठवत नाही. कान बंद झाला होता आणि माणसं तोंड हलवत होती, पण आवाज लांबून आल्यासारखा येत होता. एक गोष्ट त्याला आठवते. शकुबाई नावाची म्हातारी पोरांना एकेक करून गाडीतून उतरवत होती, आणि तिच्या अंगणाकडं नेताना त्यांची तोंडं दुसरीकडं वळवत होती.

गावचे पोलीस पाटील देवाजी शेतातून धावत आले. त्यांनी मधे पडून वहाबला ग्रामपंचायतीच्या भिंतीशी टेकवलं आणि समोर उभे राहिले. मग निकेशच्या फोनवरून हेमराजला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. तुमची पोरगी कोणाच्या गाडीत येते, असं त्यांनी विचारलं.

“वहाबभाईच्या गाडीत येते जी,” हेमराज म्हणाला. “काऊन?”

“गाडी कशी हाये?”

“निळी हाये. निळ्या गाडीत येते. पांढरी नाई.”

गर्दी पुन्हा हलली. हेमराज खोटं बोलला नव्हता. सकाळीच त्यानं पोरीला निळ्या गाडीत बसवलं होतं, आणि दुपारपासून त्याच्या फोनवर गाडीबद्दल एकच मेसेज आला होता. देवाजींनी एका हातानं निकेशला मागं रेटलं आणि दुसऱ्या हातानं फोन वहाबच्या तोंडाशी धरला. बोल, म्हणाले.

वहाबचा ओठ फाटला होता. तो म्हणाला, “हेमराजभाऊ, मी वहाब. पोट्टी ठीक हाये.”

मग हेमराज म्हणाला, “सोडा त्याले. आमचाच माणूस होय तो.”

माणसं हळूहळू पांगली. चावी ज्यानं घेतली होती त्यानं ती बॉनेटवर ठेवली आणि तो निघून गेला. देवाजींनी वहाबला ऑफिसात बसवून पाणी दिलं. हेमराज मोटारसायकलवर आला तेव्हा शकुबाईच्या अंगणात पोरं मुरमुरे खात होती. त्यातलं सगळ्यात लहान पोर विचारत होतं की आता चाचा गाडी चालवणार की नाही.

गाडी चालवायला सलमान आला. मूलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, ऐकू येईल, पण पहिल्यासारखं येणार नाही. वहाबची बायको शहजादी खाटेशी उभी राहून ते ऐकत होती. ती शिवणकाम करायची, बोलायची कमी. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली की ज्यांनी मारलं त्यांची नावं पोलिसात द्यायची.

आठवडा गेला. मग रविवारी चंचल मॅडम घरी आल्या. जोयानं, वहाबच्या मुलीनं, त्यांना पाणी दिलं. मॅडमनी ग्लास हातात धरून ठेवला आणि त्या दुपारी सरांच्या खोलीत काय झालं ते सगळं सांगितलं. वहाबला तेव्हा कळलं की एकाच तासात शाळेकडं दोन गोष्टी सांगायला होत्या. एक ऐकीव आणि एक खुद्द चालकानं येऊन सांगितलेली. पालकांपर्यंत ऐकीव पोचली.

“चुका मीच सुधारल्या, चाचा,” मॅडम म्हणाल्या. “मूळ मेसेज वेडावाकडा होता. तसाच राह्यला असता, तं कोणी एवढा विश्वास ठेवला नसता.”

वहाबला त्यांचा राग आला नाही. त्याला राग कोणाचा आला ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं. निकेशच्या जागी आपण असतो आणि जोयाला कोणी घेऊन चाललंय असं वाटलं असतं तर, असा विचार त्याच्या मनात यायचा. लगेच दुसरा विचार यायचा की नाव ऐकल्यावर हात थांबले का नाहीत. या दुसऱ्या विचारापाशी आलं की तो उठून अंगणात जायचा.

शहजादीला घेऊन तो शाळेत गेला. गुणवंत सरांनी उठून खुर्च्या दिल्या, चहा मागवला. त्यांचा चेहरा उतरला होता. मी पोरांच्या काळजीनंच ते केलं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. वहाबनं त्यांना मधे थांबवलं नाही. त्यांचं बोलून झाल्यावर तो म्हणाला की त्याला दुसरं काही नको, शाळेनं त्याच ग्रुपवर लिहावं. गाडी बदलल्याचं मी सांगितलं होतं आणि शाळेनं ते कळवलं नाही, एवढं लिहावं.

सर म्हणाले, अफवांवर विश्वास ठेवू नका असा मेसेज टाकतो. संस्थेच्या लोकांशी बोलावं लागेल. शाळेचं नाव खराब होतं.

“पहिल्या मेसेजमधी माझं नाव नव्हतं, पण माणूस मीच होतो,” वहाब म्हणाला. “आता नाव लिहा, सर.”

मेसेज आला तो बऱ्याच दिवसांनी. चंचल मॅडमनी तो वहाबला वाचून दाखवला. शाळेचे वाहनचालक वहाब शेख हे अनेक वर्षांपासून विश्वासाने सेवा देत आहेत, तरी पालकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, असं त्यात होतं. शाळेचं काय सांगायचं राहिलं, ते त्यात नव्हतं. अफवा कोणाच्या सहीनं गेली तेही नव्हतं. वहाबनं देवाजी पाटलांना फोन करून विचारलं की हा दुसरा मेसेज उमरटोल्यात पोचला का. देवाजींनी चार जणांना विचारलं आणि उलट फोन केला.

“नाई आला जी,” ते म्हणाले. “पहिला सगळ्याईच्या फोनमधी हाये अजून.”

मधल्या काळात हेमराज दोन वडीलधाऱ्यांना घेऊन वहाबच्या घरी येऊन गेला होता. वडीलधारे बोलले. चूक झाली, पोरं तरुण आहेत, खेड्यापाड्यात तुम्हाला रोज यावं लागतं, असं सगळं बोलले. हेमराज दाराशीच उभा राहिला. तो एकच वाक्य बोलला, की निकेशचं लग्न ठरलं आहे. माफी त्यानं मागितली नाही. मागायची होती, पण तोंडातून निघाली नाही, असं वहाबला वाटलं. शहजादीला तसं वाटलं नाही.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा वहाबनं सांगितलं की गर्दी होती, तोंडं दिसली नाहीत. हवालदारानं त्याच्याकडं नीट बघितलं आणि लिहून घेतलं. वडीलधाऱ्यांनी समजूत घातली म्हणून की निकेश करिष्माचा मामा म्हणून, की रोज त्याच रस्त्यानं जायचं म्हणून, यातलं खरं कारण कोणतं ते वहाब आजही सांगत नाही. घरी आल्यावर शहजादीनं मशीनवरून मान वर केली नाही. नंतर एकदा, कपडा कापता कापता, ती म्हणाली की तुमचा कान गेला त्याचं मला दुःख आहे, पण तोंडं दिसली नाहीत हे तुम्ही म्हणालात, ते मला त्याहून जास्त लागलं. ती चूक बोलत होती असं त्याला म्हणता येईना.

दिवाळीनंतर त्यानं निळी गाडी पुन्हा काढली. शाळेनं आता चालकांना गळ्यात अडकवायची कार्डं दिली होती. ज्या चौकीदारासोबत तो वर्षानुवर्षं चहा पीत आला, त्यालाच ते कार्ड रोज फाटकाशी दाखवावं लागायचं. चौकीदार लाजून दुसरीकडं बघायचा. कोसमटोल्याची बहुतेक पोरं परत आली. दोन घरांनी दुसरी गाडी लावली आणि कारण सांगितलं नाही. करिष्माला हेमराज स्वतः मोटारसायकलवर सोडू लागला. रस्त्यात गाठ पडली की तो मान खाली घालून वेग वाढवायचा. पोरगी मात्र मागं वळून हात दाखवायची.

आता कुठल्याही गावाच्या चौकात चार माणसं उभी दिसली की वहाब आपसूक काच वर करायचा, मग पोरांना गुदमरायला होईल म्हणून पुन्हा खाली करायचा. उमरटोल्याच्या रस्त्यानं तो पुन्हा गेला नाही.

थंडी पडली. धान कापून झालं होतं, मळण्या सुरू होत्या. एके सकाळी, अजून अंगणात धुकं असताना, वहाबचा फोन वाजू लागला. पहिला फोन कोसमटोल्याच्या एका आईचा होता. शाळेचा मेसेज आला आहे, ती म्हणाली, की शाळेच्या मागच्या झुडपात वाघ दिसला, मुलांना एकटं पाठवू नका. मग तिनं विचारलं, “वहाबभाई, खरं हाये का हे?”

“मले काय माहीत, बाई,” वहाब म्हणाला. “शाळेले विचारा नं.”

“शाळेचंच तं विचारून राह्यली तुमाले.”

फोन ठेवेपर्यंत दुसरा आला. मग तिसरा. सगळ्यांचा प्रश्न तोच. एका बापानं तर हसून सांगितलं की मागच्या वेळी चोर होते, आता वाघ आला, आणि तो पोराला रोजच्यासारखं पायी फाट्यावर पाठवणार होता. वहाबनं त्याला थांबायला सांगितलं आणि चंचल मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या की या वेळी खरं आहे. पहाटे वनरक्षक स्वतः शाळेत आला होता. पायाचे ठसे चौकीदारानंही पाहिले. गुणवंत सरांनी खात्री करूनच मेसेज टाकला.

वहाबनं मग ज्यांचे फोन आले होते त्या प्रत्येकाला उलट फोन केला. फाट्यावर कोणी उभं राहू नका, मी दारापर्यंत गाडी आणतो, असं सांगितलं. शेवटी गाडी काढायला निघाला तर आणखी एक फोन आला. हेमराजचा होता. त्या दिवसानंतर पहिलाच.

“वहाबभाई,” तो म्हणाला आणि थांबला. “वाघाचं खरं हाये का?”

“खरं हाये.”

“गाडी पंक्चर हाये माही. पोरीले घेऊन जाता का आज?”

वहाब हो म्हणाला. कोसमटोल्यात त्यानं गाडी एकेका दाराशी नेली. हेमराजच्या दाराशी करिष्मा आणि आशाबाई उभ्या होत्या. हेमराज दिसला नाही. आशाबाईनं पोरीला गाडीत बसवलं, दार लावलं आणि खिडकीवर हात ठेवून उभी राहिली.

“मेसेज तं सकाळीच आला,” ती म्हणाली. “पण समजत नाई नं भाऊ, खरा का खोटा. म्हणून तुमाले विचाराले सांगतलं मी करिष्माच्या बाबाले.”

तिचा भाऊ कोण, हे दोघांनाही आठवत होतं. वहाबनं मान हलवली आणि गाडी पुढं घेतली. पोरं उत्साहात होती, प्रत्येकाला वाघ आपणच आधी पाहायचा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुऱ्या-बांधांवरची तूर उभी होती आणि वहाब प्रत्येक ओळीकडं बघत हळू चालला होता.

फाटकाशी गुणवंत सर हातात काठी घेऊन उभे होते, पोरांना घोळक्यानं आत सोडत होते. थंडीत उभं राहून त्यांचं नाक लाल झालं होतं. वहाब शेवटचं पोर उतरवत असताना ते जवळ आले.

“सगळ्यांपर्यंत पोचला ना मेसेज?” त्यांनी विचारलं.

“पोचला, सर,” वहाब म्हणाला. “खरा वाटला नाई कोणाले.”

सरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मागं दुसरी गाडी येऊन उभी राहिली आणि ते तिकडं गेले.

वाघ दोन-चार दिवस त्या भागात राहिला आणि कालव्याच्या पलीकडं निघून गेला. कोणाला काही झालं नाही. करिष्मा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गाडीतच येऊ लागली. फोन मात्र थांबले नाहीत. गावात गोवराची साथ आहे म्हणतात, ते खरं का? सहल वर्ध्याला जाणार आहे, गाडी नीट आहे का? नवा सर पोरांना मारतो म्हणतात, तुम्ही काही ऐकलं का? शाळेचा कुठलाही मेसेज आला की आया आधी वहाबला विचारायच्या. शहजादी म्हणायची, तुम्ही काय हेडमास्तर आहात का, सांगून टाका मला माहीत नाही म्हणून. वहाबही पुष्कळदा तेच सांगायचा. पण माहीत नाही म्हटलं तरी लोकांना त्यात काही तरी ऐकू यायचं. हा नाही म्हणाला म्हणजे काळजी नसेल, किंवा हा थांबून बोलला म्हणजे असेल, असा अर्थ काढून ते फोन ठेवायचे.

हे त्याला सुखाचं वाटत नाही. सकाळी गाडी पुसताना तो कधी कधी थांबतो आणि विचार करतो की एखाद्या दिवशी आपल्यालाही चुकीचं कळेल, आपणही घाईत हो म्हणून टाकू, आणि त्या दिवशी कुठल्या तरी रस्त्यावर कोणी तरी माणूस स्वतःचं नाव सांगत उभा असेल. मग तो फडकं पिळतो, बादलीतलं पाणी अंगणातल्या झाडाला घालतो आणि गाडी सुरू करतो.